एकाच स्वयंपाकघरातला प्याला

आमची मंडळी मुळात आमच्या पलंगावर सुरू झाली. मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात चर्चची इमारत नव्हे, एकत्र जमणारी माणसं. कळव्याच्या आमच्या घरात खुर्च्या दोनच होत्या आणि त्यातल्या एकीवर बाबांची पेटी ठेवलेली असायची, त्यामुळे रविवारी सकाळी जे कोणी येत ते पलंगावर बसत, उरलेले सतरंजीवर, आणि अगदीच जागा नसली तर ओट्याला टेकून. बाबा आठवडाभर वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात औषधांची खोकी छापायचे आणि रविवारी पास्टर व्हायचे. पगार मिळायचा तो छापखान्यातून. पास्टरकीतून मिळायची ती माणसं, त्यांची आजारपणं, नवरा-बायकोंची भांडणं आणि आईच्या हातच्या चहाची कधीही न संपणारी मागणी. “मंडळी बांधायची नसते, लावायची असते, झाड लावतो तशी,” असं बाबा कौतुकाने म्हणत. आई गाळणं झटकत म्हणायची, “लावा की. फक्त पाणी कोण घालतंय ते विसरू नका.”

पलंग पुरेना तेव्हा बाबांनी कोपरीतली एक बालवाडीची खोली रविवारपुरती मिळवली. भिंतींवर बदक, बैल आणि वाफ सोडणारी आगगाडी रंगवलेली होती. मोठी माणसं त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायची आणि प्रार्थनेला उभी राहिली की खुर्ची पाठीला चिकटून वर यायची. मला तेव्हा या सगळ्याची थोडी लाज वाटायची. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी “संडेला बिझी असते” एवढंच सांगायचे. डोंबिवलीहून येणाऱ्या मार्था आजींनाही ती जागा पसंत नव्हती, पण वेगळ्या कारणाने. त्या नगरच्या, जुन्या दगडी चर्चमध्ये वाढलेल्या, तिथली घंटा आणि तिथले बाक त्यांच्या मनातून जात नव्हते. “बदकासमोर गुडघे टेकायची वेळ आणलीत पास्टर तुम्ही,” असं म्हणून त्या गुडघे टेकायच्याच, आणि गाणं मात्र सगळ्यांत मोठ्याने म्हणायच्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. येशूने पकडलं जाण्याआधी शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं, भाकरी मोडून दिली, प्याला दिला, त्याची ती आठवण. दगडी चर्चांमध्ये त्यासाठी द्राक्षारस, म्हणजे वाइन, असतो. आमच्याकडे मनुक्यांचा रस असायचा आणि तो आई करायची. शनिवारी सकाळीच काळ्या मनुका धुऊन भिजत पडायच्या. संध्याकाळपर्यंत त्या फुगून टचटचीत झाल्या की आई त्या हाताने कुस्करायची आणि केवळ याच कामासाठी ठेवलेल्या पांढऱ्या फडक्यातून पिळायची. मग साखर. मग बिनमिठाची कणीक मळून ताटाएवढी एकच पातळ पोळी, तव्यावर दाबून दाबून कडक भाजलेली. त्या दिवशी घरात टीव्ही लागत नसे, भांडण चालत नसे, आणि माशाचं काही करायचं असेल तर ते शुक्रवारीच उरकलेलं असायचं. फडक्यातून रस गळताना पातेल्यात होणारा आवाज मला अजून ओळखता येईल. उरलेला चोथा मला मिळायचा. प्रभुभोजनाची माझी खरी ओढ तेव्हा त्या चोथ्याची होती, हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.

रस का, द्राक्षारस का नाही, याचं कारण आमच्यातली काही माणसं होती, आणि त्यांत पहिले भास्करकाका. कोपरीत त्यांचं खिडक्यांच्या ग्रिल बनवायचं दुकान होतं. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी दोन्ही हातांवर बारीक काळे डाग पडलेले. एके काळी ते इतके प्यायचे की दुकानाचं शटर उघडायला बायकोला जावं लागायचं. बाबांची आणि त्यांची ओळख कशी झाली, ती मोठी गोष्ट आहे. इथे एवढंच सांगते की दारू सोडायला त्यांना फार वेळ लागला, दोनदा सुटून पुन्हा लागली, आणि त्या काळात कित्येक संध्याकाळी बाबा छापखान्यातून थेट त्यांच्या दुकानात जाऊन नुसते बसून राहत. शेवटी सुटली. त्यांची बायको सुनंदाकाकू आमच्यात कधी आली नाही. तिचे देव तिच्या घरात होते, रोज दिवा लागायचा, गुरुवारचा उपास असायचा. कधी नवऱ्याला बोलवायला ती बालवाडीच्या दारापर्यंत यायची, उंबऱ्याबाहेर उभी राहायची, आईशी दोन शब्द बोलायची आणि जायची. बाबांनी तिला कधी “आत या” असा आग्रह केला नाही. मला वाटतं, त्या दोघांत न बोलता काहीतरी ठरलेलं होतं.

मग कोरोना आला आणि सगळं बंद झालं. बालवाडीला कुलूप लागलं, छापखान्याला लागलं, आणि आमची मंडळी बाबांच्या फोनमध्ये येऊन बसली. निम्म्या लोकांकडे साधे फोन होते, म्हणून व्हिडिओचा नाद आम्ही सोडला आणि सगळ्यांना आवाजाच्या एकाच कॉलवर जोडायची युक्ती मी काढली. त्या कॉलवरच्या उपासना आठवल्या की आजही हसू येतं. गाणं सुरू झालं की प्रत्येकाचा आवाज आपापल्या वेळेला पोचायचा. मार्था आजी दुसऱ्या कडव्यावर असताना कोपरीची मंडळी पहिलंच संपवत असायची आणि बाबा पेटीवर दोघांना गाठायला धडपडायचे. मध्ये कुणाच्या कुकरच्या शिट्ट्या, कुणाचं रडणारं पोर, कुणाच्या खिडकीतले कावळे. “आवाज बंद करा!” असं मी ओरडायचे, की सगळे एकदम बंद करायचे आणि मग प्रार्थनेला “आमेन” म्हणायला कुणीच उरायचं नाही.

पण आठवड्याचे बाकीचे दिवस हसण्यासारखे नव्हते. बाबा सकाळपासून एकेकाला फोन लावत. कुणाचा पगार थांबलेला, कुणी तापाने वेगळ्या खोलीत पडलेलं, कुणाचा गावचा भाऊ गेलेला आणि मातीला जाता येत नव्हतं. मग बाबा फोनवरच मातीची प्रार्थना म्हणायचे आणि पलीकडचा माणूस गावाकडे तोंड करून उभा राहायचा. आई मोठ्या पातेल्यात खिचडी टाकायची, ती आमच्या चाळीत ज्याला हवी त्याला. आमच्यातला सॅम्युअल भाजीचा टेम्पो चालवायचा, त्याच्याकडे पास होता. कळवा, कोपरी, डोंबिवली अशी त्याची फेरी असायची आणि त्याच्या कांद्या-बटाट्यांबरोबर औषधं, डाळ-तांदूळ, एकदा तर कुणाचा चष्मासुद्धा गेला. बाबा म्हणायचे की मंडळी खरी तेव्हाच लागली, बालवाडीत होती ती नुसती कुंडीतली होती. आईचं यावर काय म्हणणं होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

एकच गोष्ट अडली होती, प्रभुभोजन. दोन महिने ते झालं नव्हतं आणि लोकांना चुकल्यासारखं वाटत होतं. एका रविवारी कॉलवर कुणीतरी सुचवलं, की सगळ्यांनी आपापल्या घरची पोळी आणि सरबत घ्यावं, पास्टरांनी इथून प्रार्थना म्हणावी. झालं, मार्था आजी तापल्या. “उद्या म्हणाल ग्लुकोजचं बिस्किट आणि चहा घ्या! प्रभुभोजन आहे का नाश्ता?” इतर वेळी बाबा आजींचं ऐकून सोडून द्यायचे. या वेळी त्यांना ते पटलं. भाकरी एक, प्याला एक, म्हणून तर आपण एक, हे त्यांचं आवडतं वचन. माणसं एका खोलीत येऊ शकत नसतील, तर निदान पोळी एका तव्यावरची आणि रस एका फडक्यातला असावा. आई करेल आणि सॅम्युअल पोचवेल.

“अहो, घरोघर करू दे ना लोकांना,” आई म्हणाली. “आपल्याकडे मनुका तरी कुठायत एवढ्या?”

“मिळवू.”

“आणि उन्हाळा बघा काय पडलाय.”

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे,” बाबा म्हणाले. बाबा मऊ स्वभावाचे होते, पण एखाद्या गोष्टीत त्यांना अर्थ दिसला की ते दगडासारखे बसायचे. मनुका मिळाल्या. ज्या कारखान्याची खोकी बाबा छापत, तिथल्या ओळखीने सिरपच्या नव्या, रिकाम्या काचेच्या बाटल्या मिळाल्या, चांगल्या घट्ट झाकणांच्या. आईने रस काढला, मी बाटल्या भरल्या, ताटाएवढ्या पोळीचे तुकडे कागदात बांधले. शनिवारी सकाळी सॅम्युअल कोपरीला आणि कळव्यात देऊन आला. डोंबिवलीला मात्र त्याला अडवलं. मार्था आजींच्या इमारतीत रुग्ण सापडला होता आणि गल्ली बांबूंनी बंद केली होती.

आता खरं तर आजींना सांगता आलं असतं, की या वेळी तुम्ही राहू द्या. बाबा ते करणार नव्हते. “एकाला नाही तर कुणालाच नाही,” असं त्यांनी कॉलवर जाहीर केलं आणि प्रभुभोजन पुढच्या रविवारवर गेलं. बाटल्या जपून ठेवा, असंही सांगितलं. लोकांनी त्या जपल्या, आणि घोळ तिथेच झाला. ज्यांच्याकडे फ्रिज होता त्यांनीही ती बाटली फ्रिजमध्ये ठेवली नाही. प्रभूचा प्याला कालच्या बोंबलांच्या कालवणाशेजारी कसा ठेवायचा? कुणी ती बायबलशेजारी ठेवली, कुणी कपाटावर, स्वच्छ रुमालात गुंडाळून. भास्करकाकांनी ती पोटमाळ्यावर, पत्र्याच्या अगदी खाली ठेवली, कारण घरात उंच आणि कुणाचा हात लागणार नाही अशी तीच एक जागा होती. आमच्याकडची आणि मार्था आजींची परत आलेली बाटली तेवढी आमच्या फ्रिजमध्ये राहिली, कारण आईला असल्या बाबतीत भीडभाड नव्हती. एक जादा झालेली बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत विसरली होती.

आता आमच्या मंडळीत सीलबंद इवलेसे कप येतात, वरती गोल बिस्किटाची चकती, खाली रस, झाकणावर मुदत छापलेली. बाळकुमच्या एका हॉलमध्ये आम्ही जमतो, एसी असतो, खुर्च्याही मोठ्या माणसांच्या. त्या कपाचं झाकण सोलताना मला दर वेळी पत्र्याखालची ती बाटली आठवते आणि शेजारी बसलेला माझा नवरा विचारतो, का हसतेस म्हणून. त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सगळे कॉलवर आले, मार्था आजीसुद्धा. त्यांची बाटली सॅम्युअलने आदल्या दिवशीच बांबूंवरून वॉचमनच्या हाती दिली होती. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. त्यांनी वचन वाचलं, भाकरी मोडली, आणि फोनमधून एकामागून एक कुरकुर चावल्याचे आवाज आले. मग ते म्हणाले, “आता प्याला घ्या.” झाकणं उघडली. कुठून तरी “फुस्स” झालं. पुन्हा एक “फुस्स”. एक लहान मूल खिदळलं, कुणीतरी “अगंबाई, सांडलं” म्हणालं. “माझा तर छान गोड आहे,” मार्था आजींनी मध्येच कळवलं. आमचाही गोड होता. बाबा डोळे मिटून पुढची प्रार्थना म्हणू लागले.

“पास्टर,” भास्करकाकांचा आवाज आला. “पास्टर, एक मिनिट. ह्याच्यात आहे.”

“काय आहे?”

“प्यायलो मी.”

मग पलीकडे भांडं पडल्यासारखा आवाज झाला आणि फोनवर सुनंदाकाकू आली. इतक्या वर्षांत ती आमच्या उपासनेत पहिल्यांदा बोलली. “पास्टर, काय पाठवलंत तुम्ही माझ्या घरात?” आणि फोन बंद. लगेच सगळे एकदम बोलायला लागले, आजी ओरडून विचारत होत्या, पोरं रडत होती, आणि त्या गोंधळात कॉलच तुटला. आईने खिडकीतली जादा बाटली उचलून झाकण फिरवलं. आठवडाभराच्या उन्हात रस आंबला होता; फेस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. घरभर जो वास सुटला तो मला नवीन होता, आईला नव्हता. तिचे वडील प्यायचे. ती बाटली तशीच मोरीत ठेवून ती खाली बसली आणि म्हणाली, “मी सांगत होते.” एवढंच. नंतर पुन्हा कधी ती हे बोलली नाही.

बाबांनी भास्करकाकांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. मग त्यांनी चपला घातल्या. मी म्हटलं, मीपण येते. बाबा नको म्हणाले नाहीत, यावरून मला कळलं की ते किती घाबरलेत. दारूची दुकानं नुकतीच पुन्हा उघडली होती. इतके दिवस भास्करकाकांना वाटलं असतं तरी दारू सहज मिळाली नसती, आणि आता ती रस्त्यावर मिळत होती. एका घोटावर थांबणारं हे दुखणं नाही, हे आमच्या घरात मलासुद्धा ठाऊक होतं.

खाडीपुलावर पोलिसाने अडवलं. “कुठं चाललात काका?”

“माफी मागायला,” बाबा म्हणाले.

“काय?”

“कोपरीत एका माणसाची माफी मागायची आहे.”

“मग फोनवर मागा की!”

“त्याने फोन बंद ठेवलाय.”

पोलिसाने आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वर उन्हाकडे. बहुधा त्याला दिवसभरात दवाखाना, मेडिकल, किराणा याशिवाय दुसरं कारण ऐकायला मिळालं नव्हतं. “जावा,” तो म्हणाला, “पण लवकर मागा आणि लवकर या.”

ठाण्यात शिरल्यावर एका दुकानाबाहेर ती रांग दिसली. खडूने आखलेल्या गोलांत एकेक माणूस उभा, रांग वळून पार मागच्या गल्लीत गेलेली. सगळ्यांची तोंडं मास्कने आणि रुमालांनी झाकलेली. बाबा रांगेच्या कडेने हळूहळू चालायला लागले. तोंड दिसत नव्हतं म्हणून ते प्रत्येकाचे हात बघत होते, वेल्डिंगचे डाग आहेत का ते. लोक वैतागले. एक जण म्हणाला, “ओ काका, लाईन तिकडून आहे, मध्ये घुसू नका.” बाबा “सॉरी, सॉरी” म्हणत पुढच्या माणसाचे हात बघायचे. मला वाटलं, आता धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. आणि त्याच वेळी मला जन्मात पहिल्यांदा बाबा कसले पास्टर आहेत ते दिसलं. रांगेत काळे डाग असलेले हात नव्हते. पण पुढे कुठे दुसरं दुकान असेल, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

भास्करकाकांचं घर पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. सुनंदाकाकू दारातच होती, पदर नाकावर घट्ट धरलेला.

“नाहीत ते घरात.”

“कुठे गेलेत?”

“मला सांगून गेले असते तर तुम्हाला सांगितलं असतं. फोन इथंच टाकून गेलेत.”

बाबांनी लांबूनच हात जोडले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं असणार, पण बोलली तीच.

“पास्टर, मी कधी तुमच्या मध्ये आले का सांगा. माझे देव मी पूजते, ते तुमच्याकडं येतात. मी म्हटलं, जिथं जाऊन हा माणूस शुद्धीवर राहतो तिथला देव खोटा नसणार. एवढी वर्षं ह्या घरात बाटली आली नव्हती. आज आली ती तुमच्याकडून आली.”

“हो,” बाबा म्हणाले. “माझ्याकडूनच आली.”

“घरात सरबत होतं. पोळी होती. हा थाट कुणी करायला सांगितला होता? तुमच्या देवाला नसतं का कळलं?”

“त्याला कळलं असतं,” बाबा म्हणाले. “मला कळलं नाही.”

मला वाटलं होतं, बाबा एखादं वचन सांगतील. त्यांनी काहीच सांगितलं नाही. काकू आत गेली. दार लावून घेईल असं वाटलं, पण ती पाण्याचे दोन पेले घेऊन आली, गॅलरीच्या कठड्यावर ठेवले आणि मागे सरकली. आम्ही जिन्याजवळ भिंतीला टेकून उभे राहिलो. ती दारात. खालून कुठून तरी फोडणीचा वास येत होता. तिघांचेही कान जिन्याकडे लागलेले होते. कुणीही चढलं की आम्ही एकदम ताठ व्हायचो आणि तो माणूस दुसऱ्याच घरात शिरायचा. किती वेळ गेला ते खरंच मला आठवत नाही.

मग ते आले. खांद्यावर कापडी पिशवी, आणि पायरीगणिक त्या पिशवीत काच काचेवर आपटत होती. तो आवाज ऐकून काकूने डोळेच मिटले. बाबा जागचे हलले नाहीत. भास्करकाका वर पोचले, आम्हाला बघून थबकले.

“पास्टर? एवढ्या उन्हाचे कशाला आलात?”

“तोंड उघडा,” काकू म्हणाली.

“अगं, थांब जरा...”

“तोंड उघडा म्हणते ना.”

त्या दिवसांत माणसं एकमेकांपासून हातभर लांब उभी राहायची, शिंक आली तरी गॅलरी रिकामी व्हायची. भास्करकाकांनी मास्क खाली ओढला आणि डॉक्टरसमोर बसल्यासारखं तोंड उघडलं. काकूने पदर सोडला आणि अगदी जवळ जाऊन, नाक त्यांच्या तोंडाशी नेऊन वास घेतला. एकदा घेतला, पुन्हा घेतला. मी खाली बघितलं. आईवडिलांच्या भांडणातही मला कधी इतकं परकं वाटलं नव्हतं, आणि नवरा-बायको म्हणजे काय ते मला पुढे स्वतःच्या लग्नात कळलं त्यापेक्षा जास्त त्या एका क्षणात कळलं.

“सकाळचाच वास आहे,” ती बाबांकडे वळून म्हणाली, आणि मग दाराच्या चौकटीला धरून रडायला लागली.

पिशवीत आमच्याच बाटल्या होत्या. कोपरीतल्या सगळ्या घरांतून त्यांनी त्या गोळा करून आणल्या होत्या. “आपला आनंदा नाय का,” भास्करकाका सांगत होते, “त्याला दारू सोडून वर्ष पण नाय झालं अजून. मला पहिला तोच आठवला. पळतच गेलेलो. त्याने झाकण उघडून वास घेतलेला आणि नुसता बघत बसलेला बाटलीकडे. मी हातातनं काढून घेतली. मग म्हटलं, बाकीच्या घरांत पण पोरं आहेत, सगळ्यांच्याच घेऊ.” आनंदा बाबांच्या डोक्यातही आला नव्हता. मंडळीचे पास्टर ते होते, आणि त्या सकाळी त्यांना एकच माणूस दिसत होता.

भास्करकाकांनी मोरीत बसून एकेक बाटली ओतली. दर बाटलीला फेस यायचा आणि ते तोंड फिरवायचे. “खोटं नाय बोलणार पास्टर,” पाठमोरे असतानाच ते म्हणाले. “एक घोट गेला आणि सगळं अंग जागं झालं. घरात बसलो असतो तर गेलो असतो लाईनीत. म्हणून कामाला लागलो.”

“भास्कर, मला माफ कर,” बाबा म्हणाले. “आता पुन्हा सगळे एकत्र जमेपर्यंत प्रभुभोजन नाही. मी तसं सांगतो सगळ्यांना.”

पाण्याचा आवाज थांबला. भास्करकाका उठले, हात पुसत बाहेर आले. “नाय पास्टर, असं नका करू. जमायला किती महिने जातील काय माहीत. तोपर्यंत माझा शेवटचा प्याला कुठला? तर हा. तोच जिभेवर राहील माझ्या. त्याच्यावर मला दुसरा पाहिजे.”

“मग कसं करू सांग. पुन्हा पाठवायची माझी हिंमत नाही.”

“पाठवू नका काही,” काकू म्हणाली. तिने डोळे पुसले होते. “ह्यांचं मी करीन. इथंच. सकाळी करायचं आणि सकाळीच संपवायचं. चालत असेल तर सांगा. तुमच्यातली नाही मी.”

बाबांच्या मनात काय चाललं असेल ते मला आज जास्त कळतं. एक पोळी, एक फडकं, एक स्वयंपाकघर. आणि समोर काकूच्या देव्हाऱ्यातला दिवा दिसत होता, आणि डोंबिवलीत मार्था आजी होत्या. “चालेल,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “उपकार होतील.”

घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “सुटले एकदाची. तिला सांगा, मनुका नसल्या तर कोकम घाल, आणि मीठ टाकू नकोस.”

मधल्या आठवड्यात बाबांनी सगळ्यांना फोन करून चूक कबूल केली आणि आपापल्या घरी करायला सांगितलं. मार्था आजींशी ते बराच वेळ बोलत होते. त्या काय म्हणाल्या ते बाबांनी आम्हाला सांगितलं नाही. रविवारी मी कॉल जोडला तेव्हा त्या आल्या होत्या, पण गाण्यात त्यांचा आवाज नव्हता. आनंदा आला होता. भास्करकाका आले होते. बाबांनी वचन वाचलं, भाकरी मोडली, कुणाकडे पोळीचा, कुणाकडे पावाचा, कुणाकडे भाकरीचा आवाज झाला. आता प्याला. बाबांनी तो उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. आई त्यांच्याकडे बघत होती.

“भास्कर,” शेवटी त्यांनी विचारलं, “तुझ्याकडे... ठीक आहे ना सगळं?”

उत्तर भास्करकाकांनी दिलं नाही.

“आधी मी पिऊन बघितलंय, पास्टर,” सुनंदाकाकू म्हणाली. “तुम्ही म्हणा आता तुमची प्रार्थना.”

आणि डोंबिवलीहून मार्था आजी मोठ्याने म्हणाल्या, “आमेन.”